लाईट आली की बोर्डाचा आयपी बदलतो, मग स्टॅटिक आयपी घ्यावा का?

प्रश्न मला समजला तो असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं टॉवेलचं युनिट आहे. बारा लूमवर ईएसपी३२ हे वायफाय असलेले छोटे प्रोग्राम करता येणारे बोर्ड बसवलेत, ते प्रॉक्सिमिटी सेन्सरवरून पिक, म्हणजे विणले गेलेले आडवे धागे, मोजतात आणि प्रत्येक बोर्ड स्वतःचं एक छोटं वेब पान दाखवतो. मोबाईलमध्ये तुम्ही बाराही पत्ते, म्हणजे आयपी, बुकमार्क करून ठेवलेत. लाईट जाऊन आली की त्यातले तीन-चार उघडत नाहीत, आणि कधी लूम ५ चा पत्ता उघडला तर लूम ९ चे आकडे दिसतात. घरी बसूनही आकडे बघायचे आहेत. नेटवाला म्हणतो स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या, महिन्याला जादा पैसे लागतील. घ्यावा का?

माझं मत, घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. नेटवाला ज्या आयपीबद्दल बोलतोय तो तुमच्या राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा आहे. तुमचे बुकमार्क आतल्या बाजूचे आहेत, १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांतले आहेत, जगात लाखो ठिकाणी हेच वापरात आहेत आणि ते वाटण्याचं काम तुमच्याच शेडमधला राऊटर करतो. बाहेरचा आयपी कायमचा घेतला तरी आतली वाटणी आहे तशीच राहणार. लूम ५ च्या जागी लूम ९ दिसायचं थांबणार नाही.

घरून बघण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा इलाजही वेगळा आहे. दोन्ही एकत्र केले की पैसे जातात आणि घोळ राहतो. आधी आतलं बघू.

लाईट आली की काय होतं ते क्रमाने बघा. बोर्ड दोन-तीन सेकंदांत चालू होतो. फायबरचा डबा आणि राऊटर पूर्ण उभे राहायला मिनिट-दीड मिनिट घेतात, काही दोन मिनिटंही घेतात. म्हणजे बोर्ड वायफाय शोधायला लागतो तेव्हा वायफाय अजून चालूच झालेलं नसतं. इथून पुढे काय होईल ते तुमच्या कोडवर आहे. कोड शांतपणे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल तर दोन मिनिटांनी बोर्ड जोडला जातो. पण बोर्डात वायफायमॅनेजर ही वायफाय जोडून देणारी तयार कोडची लायब्ररी असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांनी तीच वापरलेली असते, तर वायफाय सापडलं नाही म्हणून बोर्ड स्वतःचंच एक वायफाय सुरू करतो आणि सेटिंगचं पान उघडून बसतो. मुद्दाम वेळमर्यादा दिली नसेल तर तो तसाच बसून राहतो, कितीही तास. तुम्हाला वाटतं आयपी बदलला. खरं तर तो बोर्ड तुमच्या नेटवर्कवर आलेलाच नसतो.

हे तपासायला काही लागत नाही. पुढच्या वेळी लाईट येऊन पाच मिनिटं झाली की न उघडणाऱ्या लूमपाशी जा आणि मोबाईलमधली वायफायची यादी उघडा. ईएसपीने सुरू होणारं एखादं नवं वायफाय दिसलं, तर प्रश्न पत्त्याचा नाही. त्या वायफायला जोडून १९२.१६८.४.१ उघडलं तर सेटिंगचं पान समोर येईल. यावर उपाय एका ओळीचा आहे. पोर्टलला, म्हणजे त्या सेटिंगच्या पानाला, तीन मिनिटांची मर्यादा द्या आणि ती संपली की बोर्ड रीस्टार्ट करा. तोवर राऊटर उभा राहिलेला असतो. माझ्याकडे ‘आयपी बदलतो’ म्हणून जेवढ्या तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच इथेच मिटतात, म्हणून मी पहिली चौकशी याचीच करतो.

आता खरोखर पत्ता बदलतो तो प्रकार. राऊटरमधली पत्ते वाटणारी सोय म्हणजे डीएचसीपी. तिचे नियम १९९७ साली आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरले आणि आजही तेच चालतात. बोर्ड सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो की कोणी पत्ता देतं का. राऊटर एक पत्ता पुढे करतो, बोर्ड तोच मागून घेतो, राऊटर पक्कं करतो. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता असतो. मुदत अर्धी सरली की बोर्ड ती वाढवून मागतो. राऊटर चालू आहे तोवर ही वाढ बिनबोभाट मिळत राहते, त्यामुळे महिनोन्महिने पत्ता तोच राहतो आणि माणसाला वाटतं की हा पत्ता त्या बोर्डाचाच आहे.

गडबड लाईट गेल्यावर होते, कारण बरेच साधे राऊटर ही वाटणीची वही फक्त रॅममध्ये ठेवतात. लाईट गेली की वही कोरी. मग बारा बोर्ड, ऑफिसचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि कामगारांचे मोबाईल एकदमच मागायला येतात. काही राऊटर मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या वेगळ्या ओळख-क्रमांकावरून, गणित करून पत्ता काढतात, त्यामुळे वही कोरी झाली तरी बहुतेकांना जुनाच पत्ता मिळतो आणि एखाद-दुसराच हलतो. काही राऊटर जो आधी येईल त्याला पुढचा नंबर देतात, तिथे सगळेच हलतात. तुमचे तीन-चारच बिघडतात म्हणजे राऊटर पहिल्या प्रकारचा असावा, किंवा ते तीन-चार वर सांगितल्याप्रमाणे स्वतःचं वायफाय उघडून बसत असावेत. यादी बघितली की कळेल.

याला माझा नेहमीचा इलाज म्हणजे राऊटरमध्येच पत्ता राखून ठेवणं. राऊटरच्या पानावर डीएचसीपीच्या खाली ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज अशा नावाची जागा असते. तिथे बोर्डाचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा पत्ता लिहायचा. बोर्ड नेहमीसारखाच मागत राहतो, राऊटर त्याला प्रत्येक वेळी तोच पत्ता देतो. ही यादी राऊटरच्या सेटिंगमध्ये जतन होते, लाईट गेल्याने पुसली जात नाही. बोर्डाच्या कोडला हात लावावा लागत नाही.

मॅक ॲड्रेस घेताना एक काळजी घ्या. प्रत्येक ईएसपी३२ मध्ये तो कारखान्यातच कोरलेला असतो, पण बोर्ड वायफायला जोडताना एक मॅक वापरतो आणि स्वतःचं वायफाय उघडताना त्याच्यापेक्षा शेवटचा आकडा एकाने जास्त असलेला दुसरा. मोबाईलच्या वायफाय यादीतून, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या वायफायवरून, मॅक उतरवला तर रिझर्व्हेशन लागूच होत नाही, आणि एका आकड्याचा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मॅक राऊटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून घ्या, किंवा बोर्डाकडूनच सिरियल मॉनिटरवर, म्हणजे यूएसबीने जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर, छापून घ्या. मग लूमच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लूम नंबर, मॅक आणि पत्ता लिहून ठेवा. कागदाची चिठ्ठी फ्लफ आणि तेलाने टिकत नाही. उद्या बोर्ड जळून नवा लावला की मॅक बदलणार, त्या दिवशी राऊटरमधली नोंदही बदलायची, एवढंच लक्षात ठेवायचं.

पुष्कळ जण विचारतात की मग कोडमध्येच पत्ता पक्का का लिहू नये. वायफाय डॉट कॉन्फिग ही एक ओळ घातली की झालं. एखाद-दुसरा बोर्ड असेल आणि राऊटर रिझर्व्हेशन देतच नसेल तर जरूर करा. बारा बोर्डांना मी करणार नाही. तुमचा राऊटर समजा १०० ते १९९ हे पत्ते वाटतो आणि तुम्ही लूम ५ च्या कोडमध्ये १०५ लिहिलाय. लूम बंद आहे, बोर्डाचा सप्लाय लूमच्या पॅनेलमधूनच येतो म्हणून तोही बंद आहे. पाळी बदलते, नवीन आलेल्या कामगाराचा मोबाईल वायफायला जोडला जातो आणि राऊटर त्याला १०५ देतो, कारण राऊटरच्या लेखी तो मोकळा आहे. तासाभराने लूम चालू होतो, बोर्ड कोणालाही न विचारता १०५ घेऊन बसतो. आता एका पत्त्यावर दोघे. पान कधी उघडतं, कधी नाही, आणि त्या कामगाराचं नेटही अडखळतं. असा दोष शोधण्यात दिवस जातो, कारण मोबाईल शेडबाहेर गेला की सगळं आपोआप नीट होतं. कोडमध्ये लिहायचाच असेल तर राऊटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा पत्ता घ्या, उदाहरणार्थ ५० ते ६१.

आणखी एक अडचण राऊटर बदलताना येते. एका राऊटरचं आतलं नेटवर्क १९२.१६८.० असतं, दुसऱ्याचं १९२.१६८.१, तिसऱ्याचं १९२.१६८.२९. नेटवाला बदलला की कोडमध्ये पक्के पत्ते असलेले सगळे बोर्ड आंधळे होतात आणि एकेक काढून पुन्हा प्रोग्राम करावे लागतात. कोडमध्ये पत्ता लिहिणारे डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता द्यायलाही विसरतात. पान तर उघडतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण बोर्डाला बाहेरच्या सर्व्हरचं नाव सोडवता येत नाही, त्यामुळे इंटरनेटवरून वेळ मिळत नाही, बोर्डाचं घड्याळ १९७० सालात अडकतं आणि सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट तपासताना ते ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. माणूस मात्र पासवर्ड तपासत बसतो.

कामगारांच्या मोबाईलवरून आठवलं, तुमच्या राऊटरचा पट्टा किती मोठा आहे ते बघून घ्या. काही राऊटर जेमतेम पन्नास पत्ते ठेवतात आणि मुदत चोवीस तासांची असते. तीन पाळ्यांतले मोबाईल जोडले गेले की पन्नास भरतात, मोबाईल घरी गेला तरी त्याचा पत्ता मुदतीपर्यंत अडकून राहतो आणि उशिरा आलेल्या बोर्डाला काहीच मिळत नाही. अशा वेळी बोर्ड वायफायला जोडलेला दिसतो पण त्याचा पत्ता ०.०.०.० असतो. मोबाईलसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा आणि लूमच्या नेटवर्कचा पासवर्ड कोणाला देऊ नका. हे तुम्ही आज संध्याकाळीसुद्धा करू शकता.

पत्ता लक्षात ठेवण्याऐवजी नाव वापरता येतं. एमडीएनएस नावाची सोय ईएसपी३२ मध्ये आहे, म्हणजे लूम०५.लोकल असं टाकलं की पान उघडतं. मी ती बोर्डात घालतो, पण तिच्यावर विसंबत नाही. जुन्या अँड्रॉइड मोबाईलच्या ब्राउझरमध्ये असं नाव उघडत नाही, गेस्ट नेटवर्कवरून उघडत नाही, आणि बोर्ड वीज वाचवण्याच्या मोडमध्ये असेल तर हाक त्याच्या कानावर पडतच नाही असंही होतं. होस्टनेम, म्हणजे राऊटरला दिसणारं नाव, मात्र प्रत्येक बोर्डाला द्याच, आणि तेही वायफाय सुरू करण्याच्या ओळीच्या आधी. मग राऊटरच्या यादीत बारा एकसारख्या ईएसपी नावांऐवजी लूम०१ ते लूम१२ दिसतात आणि कोण गैरहजर आहे ते एका नजरेत कळतं.

आता घरून बघण्याचं. आधी एक तपासणी करा. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहिलेला असतो तो टिपून घ्या. मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं गुगलवर शोधा आणि येणारा आकडा त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर तुम्हाला बाहेरचा खरा पत्ता मिळालेला आहे, मग तो बदलता का असेना. वेगळे असतील, आणि वॅन आयपी १०. ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर नेटवाल्याने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. आयपीव्ही४ चे, म्हणजे चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले म्हणून २०१२ साली हा १००.६४ चा पट्टा खास याच कामासाठी राखला गेला. सिमवर चालणाऱ्या राऊटरला तर बहुतेक वेळा असंच असतं.

अशा जोडणीवर बाहेरून आत येणारी वाट तुमच्या राऊटरवर उघडून उपयोग नसतो, कारण पलीकडचा दरवाजा नेटवाल्याकडे असतो. डायनॅमिक डीएनएस लावा असा सल्ला तुम्हाला मिळेल. ती सोय बदलत्या बाहेरच्या पत्त्याला एक कायमचं नाव देते, पण मुळात तुमचा स्वतःचा बाहेरचा पत्ताच नसेल तर नाव कशाला देणार? दोन आकडे सारखे आलेल्यांनाच तिचा विचार करता येतो.

आणि सारखे आले तरी बोर्डाचं वेब पान पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे राऊटरवर बाहेरून आत येणारी वाट उघडून, उघड्यावर ठेवू नका. हे मी कळकळीने सांगतोय. उघडा पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात, आपलं युनिट लहान आहे म्हणून ते वगळत नाहीत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने अशीच उघडी आणि कारखान्याच्याच पासवर्डवर चालणारी कॅमेरे-राऊटरसारखी उपकरणं ताब्यात घेतली आणि त्यांच्याकडून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. तुमच्या बोर्डावरच्या पानाला पासवर्डही नसेल. शिवाय बोर्ड एका वेळी मोजक्याच जोडण्या सांभाळू शकतो. बाहेरच्या चार प्रोग्रामनी दार ठोठावलं तरी तुमचं स्वतःचं पान उघडेनासं होईल.

मी करतो ते उलटं. बाहेरून कोणी बोर्डाकडे यायचंच नाही, बोर्डाने स्वतः बाहेर जायचं. आतून बाहेर जाणारी जोडणी सगळे राऊटर आणि सगळे नेटवाले जाऊ देतात, मग आतला पत्ता कोणता, बाहेरचा पत्ता कोणता, किती जणांत वाटलेला, याने काही फरक पडत नाही. यासाठी एमक्यूटीटी ही पद्धत वापरा. १९९९ मध्ये ती तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनली, म्हणजे दूरची, कमी वेगाची, मधेच तुटणारी जोडणी गृहीत धरूनच. बोर्ड एका मधल्या सर्व्हरला, म्हणजे ब्रोकरला, जोडून राहतो आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी पिकचा आकडा पाठवतो. तुमचा मोबाईलही त्याच ब्रोकरला जोडतो. दोघांना एकमेकांचा पत्ता माहीत असायची गरज नाही.

ब्रोकर कुठे ठेवायचा हे तुमच्यावर आहे. शेडमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्क्विटो हा ब्रोकर प्रोग्राम चालवला तर नेट बंद असतानाही शेडमधल्या स्क्रीनवर आकडे दिसतात, पण घरून बघायला तो पुन्हा बाहेरच्या एखाद्या ब्रोकरशी जोडावा लागतो. नुसतं घरून बघणं महत्त्वाचं असेल तर भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर किंवा तयार ब्रोकर सेवा पुरते, बारा लूमचे आकडे म्हणजे काहीच भार नाही. चाचणीसाठी उघडे ठेवलेले फुकट ब्रोकर मात्र कामाला वापरू नका, तिथे तुमचं उत्पादन कोणीही वाचू शकतो. सुरक्षित जोडणीचा पोर्ट ८८८३ घ्या, १८८३ वर पासवर्डसुद्धा उघडा जातो.

इथे एक गोष्ट जरा निवांत सांगतो, कारण बारा बोर्ड म्हटलं की ती हटकून होते. प्रत्येक बोर्डाला ब्रोकरकडे एक क्लायंट आयडी सांगावा लागतो. नमुना कोड उचलून बाराही बोर्डांत तसाच टाकला की बाराही जण एकच आयडी सांगतात. नियम असा आहे की त्याच आयडीचा दुसरा कोणी आला की ब्रोकर पहिल्याला काढून टाकतो. पहिला लगेच पुन्हा जोडतो, दुसरा बाहेर पडतो, आणि हे दिवसभर चालू राहतं. दिसताना असं दिसतं की लूम ३ चालू केला की लूम ७ चे आकडे थांबतात. लोक वायरिंग तपासतात, राऊटर बदलतात. आयडी मॅक ॲड्रेसवरून बनवा, म्हणजे कोड एकच ठेवूनही प्रत्येकाची ओळख वेगळी राहते. कोणता मॅक म्हणजे कोणता लूम, हे सर्व्हरवरच्या एका तक्त्यात लिहा.

कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी चालू आहे’ असं ब्रोकरला कळवत राहण्याची मुदत, तीस सेकंदांच्या आसपास ठेवा. मधले राऊटर बराच वेळ शांत असलेली जोडणी गुपचूप तोडतात आणि बोर्डाला ते कळतही नाही. लास्ट विल ही सोयही चालू करा. बोर्ड अचानक गप्प झाला की ब्रोकर स्वतःच ‘लूम ५ बंद’ असा निरोप देतो. आकडा शून्य आहे म्हणजे लूम थांबलाय की बोर्डच मेलाय, हा फरक घरी बसलेल्या माणसाला एरवी समजत नाही. आणि पिक मोजण्याचं काम इंटरप्टवर ठेवा, म्हणजे सेन्सरचा इशारा आला की बोर्ड हातातलं काम थांबवून आधी तो मोजेल. वायफायची वाट बघत कोड एका लूपमध्ये अडकला तर तेवढ्या वेळचे पिक गेले, ते नंतर मिळत नाहीत.

बाहेरचा स्टॅटिक आयपी कधी घ्यावा? तुमचा एखादा मोठा खरेदीदार म्हणाला की आमच्या सर्व्हरला फक्त ठरलेल्या पत्त्यावरूनच जोडता येईल, तेव्हा. किंवा शेडमध्ये स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर (बाहेरून आतल्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडून देणारा) ठेवून कॅमेरे आणि पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) सगळंच घरून हाताळायचं असेल तेव्हा. पिक बघण्यासाठी नाही.

सुट्टीच्या दिवशी काम हाती घेतलंत तर आधी पोर्टलची वेळमर्यादा, मग रिझर्व्हेशन, मग गेस्ट नेटवर्क, आणि हे आठवडाभर नीट चाललं की एमक्यूटीटी, या क्रमाने करा. प्रत्येक टप्प्यानंतर मेन स्विच पाडून पाच मिनिटं थांबा, मग वर करा. राऊटर सावकाश उठतोय आणि बारा बोर्ड एकदम धावतायत, हीच परिस्थिती तुम्हाला तपासायची आहे. नुसता एक बोर्ड रीसेट करून ती कळत नाही. त्यानंतरही एखादा बोर्ड आला नाही तर त्याला लॅपटॉप लावून सिरियल मॉनिटरवर काय छापून येतं ते आणि राऊटरचं मॉडेल, एवढं लिहून पाठवा. वॅन आयपीचे पहिले दोनच आकडे लिहा, पूर्ण पत्ता उघड्यावर टाकू नका.